उरलेली थरथर

पीएचडीच्या कामासाठी माझा एक विद्यार्थी निलंग्याहून एसटीने नांदेडला माझ्याकडे यायचा. एकमेकांना झाकणाऱ्या जोडताऱ्यांचा प्रकाश मोजणं हे त्याचं काम; एकाने दुसऱ्याला झाकलं की प्रकाशाच्या आलेखात खड्डा पडे. बोलताना बोटाने टेबलावर ताल धरायचा. तो त्याच्या ताऱ्याच्या मंद-तेज होण्याचा ताल होता.

“सर, ग्रहणाचा खड्डा वजा केला तरी मागं थरथर उरली. ह्यातला एक तारा सोताच धडधडायलाय.”

“यंत्राचा गोंगाट असेल. काढून टाक.”

“हाव सर.” ते अख्खं प्रकरण त्याने प्रबंधातून काढलं.

दोन वर्षांनी त्याच ताऱ्याची तीच थरथर परदेशी मंडळींनी शोध म्हणून छापली. तो लेख त्याने माझ्यापुढे ठेवला.

“तेव्हा तुझ्या आलेखात स्पष्ट नव्हतं,” मी म्हणालो.

“तुमाला दिसलं न्हाई, म्हंजे माझंच मोजणं कच्चं असंल, सर.”

खरं सांगतो, त्याचा आलेख मी उघडलाच नव्हता. आजही त्याला ते ठाऊक नाही.

आता तो लातूरला शिकवणीत प्रवेशपरीक्षेची गणितं घेतो. परवा चहाला भेटला. वाकून नमस्कार केला. बोलला पुष्कळ, पण बोटं टेबलावर गप्प पडून होती.