तणाचे दोन फटके

ज्याला म्हणून दोन हात आहेत त्याला गोल्फ खेळता आलाच पाहिजे, अशी श्रद्धा असलेली माणसं जगात फार नसावीत. त्यातलं एक आमच्या बोळिंजच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर राहतं. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. समोर आलेल्या बाईचं तोंड बघण्याआधी मावशी तिचं मनगट बघतात. एका नव्या शेजारणीला हळदीकुंकवाचं वाण देताना त्यांनी तिचा हात चाचपून "बरं हाय, वळेल" असा निकाल दिला. ती बिचारी आठवडाभर हाडांच्या डॉक्टरकडे जावं की काय या विचारात होती.

मावशी खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या. अर्धं आयुष्य सातिवलीच्या एका कारखान्यात खोकी भरण्यात गेलं. तिथल्या मालकाला गोल्फचा नाद होता. त्याने जुन्या काठ्यांची पिशवी भंगारात काढली, तेव्हा चिंचा पाडायला बऱ्या म्हणून मावशींनी ती मागून आणली. चिंचा काही पडल्या नाहीत. पण पिशवीच्या तळाशी सापडलेला एक चेंडू त्यांनी गंमत म्हणून हाणला, तो भावाचं अख्खं शेत ओलांडून शेजारच्यांच्या म्हशीपाशी जाऊन पडला, आणि त्या दिवसापासून मावशी कामातून गेल्या. मालकाकडून त्यांनी नियमांचं पुस्तक आणलं आणि पोथी ऐकावी तसं माझ्याकडून वाचून घेतलं. मला जांभई आली की मागच्या पानापासून पुन्हा सुरुवात.

भात कापलं की भावाचं शेत मोकळं व्हायचं. तिथे जमिनीत पत्र्याचे डबे पुरून मावशींनी आपलं मैदान तयार केलं. भावाची अट एकच होती: "खेळा, पन वाल पेरलाय मी. जिथं थांबाल तिथलं तन उपटून पुढं जा." त्यामुळे आमच्याकडचा गोल्फ म्हणजे आधी फटका, मग चेंडूपाशी वाकून चार तणं, मग पुन्हा फटका. मावशींच्या जोडीला मनवेलपाड्याची एक शिवणकाम करणारी बाई, एक बँकेतल्या बाई आणि माझी बायको. माझ्या बायकोला त्यांनी पोळ्या लाटताना हेरलं होतं. "लाटन्याचा हात हाय तुझा. ऊठ," म्हणाल्या. त्या दिवशी उरलेल्या पोळ्या मी लाटल्या. त्यांच्या आकाराबद्दल आमच्या घरात अजून बोललं जातं.

खरा अडथळा शेताबाहेर होता. विभागीय महिला हौशी स्पर्धेच्या अर्जावर क्लबचं नाव लिहायची जागा होती, आणि आमच्याकडे होतं शेत. मग पत्रं सुरू झाली. मावशी सांगायच्या, मी लिहायचो. "लिही भाच्या, स्पर्धा बायकांची हाय, क्लबांची नाय." मी हळूच एखादी 'नम्र विनंती' घुसडली की वाचून दाखवताना ती त्यांना बरोब्बर खटकायची आणि खोडावी लागायची. सातव्या पत्रानंतर संयोजकांनी, कंटाळून म्हणा की पाझर फुटून म्हणा, एक प्रयोग मान्य केला. या चौघींना एकदा खेळू द्यायचं. चौघींनीही शेवटपर्यंत नियमाने खेळून फटक्यांच्या नोंदीची आपापली कार्डं जमा केली, तर पुढच्या वर्षीपासून सगळ्याच बायकांसाठी क्लबची अट जाईल. एक जरी बाद झाली, तर विषय कायमचा संपला. आणि पोशाखाला कॉलर सक्तीची.

"कॉलर पायजे ना? लावू," मावशी म्हणाल्या. मनवेलपाड्याच्या बाईने चार ब्लाउजना शर्टाच्या कॉलरी शिवल्या. बँकेतल्या बाईंकडे चांगला टी-शर्ट होता, पण त्यांनीही हट्टाने तो ब्लाउजच घातला. सहावारी साड्या खोचून, कॉलरी ताठ करून चौघी मैदानावर हजर झाल्या तेव्हा तिथल्या पंचांनी नियमांचा कागद दोनदा वाचला. त्यात साडीला मनाई नव्हती. ते बाजूला झाले.

तेरा खड्डे ठीक पार पडले. चौदाव्याच्या वाटेवर मावशींचा चेंडू उंच गवतात जाऊन थांबला. मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडून बघत होतो. मावशी चेंडूपाशी गेल्या, वाकल्या, त्याच्या मागचं गवत मुठीत धरून मुळासकट उपटलं आणि पदराला हात पुसून सरळ झाल्या. चेंडूलगतचं उगवतं गवत काढायचं नाही, हे पान मीच त्यांना तीनदा वाचून दाखवलं होतं. दंड होतो एवढं आठवत होतं, पण बाद करतात की काय, ते काही केल्या आठवेना. पंच लांब होते. शिवणकामवाली बाई हळूच म्हणाली, "मावशी, चला पुढे. कोणी नाही पाहिलं."

मावशी मुठीतल्या गवताकडे बघत उभ्या होत्या. "मी पाह्यलं ना," त्या म्हणाल्या. "मी कोनीच नाय का?" आणि हात वर करून त्यांनी पंचांना हाक मारली.

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा राग आला. सात पत्रं, चार कॉलरी, माझ्या वेड्यावाकड्या पोळ्या, सगळं त्या एका मुठीत होतं. पंच आले, त्यांनी गवत पाहिलं, आपलं पुस्तक उघडलं. कार्डावर दंडाचे दोन फटके वाढतील, एवढंच त्यांनी सांगितलं, तेव्हा माझी बायको मटकन खाली बसली. मावशींचा नंबर शेवटून पहिला आला. चारही कार्डं जमा झाली. संयोजक बाईंनी मावशींच्या कार्डावर बोट ठेवून विचारलं, "हे दोन कसले?"

"तनाचे," मावशी म्हणाल्या.

पुढच्या वर्षीच्या अर्जावर क्लबची ओळ नव्हती. आता आमच्या भागातून दरवर्षी पाचपंचवीस बायका जातात, कुणी साडीत, कुणी सलवारीत, कॉलर मात्र प्रत्येकीला. भावाच्या शेतावर इमारत उभी राहिली, म्हणून सराव आमच्या गच्चीत चालतो. मावशींच्या गुडघ्यांनी मात्र दगा दिला. यंदा अर्ज भरताना मी त्यांचं नाव घालू लागलो, तर माझा हात धरून म्हणाल्या, "ती जागा दुसरीला दे. मी येईन बघायला."

त्या येतात. कॉलरचा ब्लाउज घालून दोरीच्या कडेकडेने शेवटच्या खड्ड्यापर्यंत चालतात, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून. मोकळे सोडले तर खाली गवतात जातील, अशी त्यांना अजून भीती वाटते. मी मागून चालत असतो.