डोकं नसलेलं कासव

सोंगकाकांनी कधी कुणाला नाव घेऊन बोल लावला नाही. मुरुडच्या वाटेवरच्या आमच्या गावात ते वर्षभर होड्या रंगवत आणि शिमगा जवळ आला की बांबूच्या कामट्या, रद्दी आणि खळ घेऊन जनावरांची सोंगं बांधत. गाव ज्याबद्दल कुजबुजत असे, ते त्या वर्षीच्या जनावरात उघडं दिसे.

एकदा त्यांनी तराजूत पंजा टाकून बसलेला बोका केला. दुकानदार तणतणत आला. "हा मी काय?"

"मी तर बोका केलाय, शेट. तुमी कशाला अंगावर घेता?"

नंतर बरेच दिवस गावाला माप भरून मिळालं.

स्वातंत्र्यानंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी ग्रामपंचायतीत नवा सभासद, आणि सरपंच माझे सख्खे मामा. नवी विहीर कोळीवाड्यात व्हायची होती. तिथल्या बायका वरच्या आळीतून हंडे वाहून आणत. मामांनी ती आपल्या नारळीच्या वाडीकडे ओढली. "कुणाची हरकत?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी खाली सतरंजीकडे बघत राहिलो. ठराव पुढच्या सभेत कायम व्हायचा होता.

मधे शिमगा आला. काकांनी कासव आणलं. पाठ इतकी देखणी की पोरं हात लावून बघत होती. पण डोकंच नव्हतं, मानेच्या जागी नुसतं भोक.

"काका, डोकं इसरलाव काय?" एका कोळणीनं विचारलं.

"आत हाय. ज्याचं हाय तो बाहेर काढील, मंग रंगवीन."

सगळे हसले. माझ्याकडे मात्र कुणी पाहिलं नाही, आणि मला तेच सोसेना.

पुढच्या सभेत "माझी हरकत आहे" एवढंच मी म्हणालो. मग आणखी हात वर आले आणि विहीर कोळीवाड्यात गेली. मामांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तरीही छातीवरचा धोंडा उतरला होता. घरी येऊन मी पोटभर जेवलो.

पुढच्या शिमग्याला तेच कासव आलं, डोक्यासकट. नाकावर तारेचा चष्मा, हुबेहूब माझा.

"कसं हाय, भाऊ?"

"नाक जरा मोठं झालंय, काका."

"बाहेर काढल्यावं सगलंच मोठं दिसतं."

काका जाऊन बरीच वर्षं झाली. कासवाची पाठ कसरीनं खाल्ली. डोकं माझ्या दारावर आहे. सभेला निघताना मी चष्मा पुसतो, तेव्हा त्याचाही पुसून घेतो.