आयोडीनची चुंबळ

श्रीखंडासाठी! ज्या दोन बाटल्यांवर माझी डॉक्टरेट टांगलेली, त्याच बाटल्या माझ्या गाईड सरांनी श्रीखंडाच्या पातेल्याला जागा हवी म्हणून लॅबच्या फ्रिजबाहेर काढायला लावल्या. आज आठवलं तरी डोक्यात तिडीक जाते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. धुळ्यात, देवपूरच्या एका कॉलेजात मी संशोधन करत होते. आयोडीन एरवी एकाच रासायनिक बंधावर खूश असतं, माझ्या पदार्थात त्याच्यावर तीन लादलेले. त्यामुळे भारी तापट! जरा ऊब लागली की मोडलाच. म्हणून एका बाटलीत मी त्याला क्राऊन ईथर जोडलं होतं. क्राऊन ईथर म्हणजे रेणूचं कडं, त्यातले ऑक्सिजन आयोडीनला चहूबाजूंनी धरून ठेवतात. आमच्या धरणगावच्या बाया घागर डुगडुगू नये म्हणून डोक्यावर चुंबळ ठेवतात ना, तेच काम. दुसऱ्या बाटलीत तोच पदार्थ, पण चुंबळीविना.

सरांना ही चुंबळ काही पटत नव्हती. "दिवाळीपर्यंत टिकवून दाखव, नाहीतर विषय बदल," म्हणाले. म्हणजे झालेलं सगळं काम पाण्यात!

खंडेनवमीला लॅबमध्ये पूजा व्हायची. तराजूला, भट्टीला, अगदी फ्रिजलाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ, वर सगळ्यांना श्रीखंड. मग दसरा, मग रविवार. सोमवारी येऊन बघते तर माझ्या बाटल्या खिडकीत, ऑक्टोबरच्या उन्हात!

"नाना, हे कोणी केलं?" मी ओरडलेच.

लॅबमधले शिपाईनाना कावरेबावरे झाले. "ताई, सरसनी सांगं, बठ्ठं बाहेर काढी ठेव." सगळं बाहेर, का तर श्रीखंडाचं पातेलं मावत नव्हतं!

चुंबळीविनाच्या बाटलीत तपकिरी चिकटा झाला होता. दुसरीकडे बघायचा धीर होईना. बघितलं, तर पांढरीशुभ्र पूड. वितळणबिंदू घेतला, पहिल्यासारखाच आला. मला रडूच फुटलं. राग मात्र तसूभर कमी झाला नाही.

तेवढ्यात सर आले. दोन्ही बाटल्या उजेडात धरून म्हणाले, "बघ! मी मुद्दामच बाहेर ठेवायला लावल्या. टिकलं की नाही? आता विषय बदलायला नको."

मुद्दाम म्हणे! चोर तो चोर, वर शिरजोर!

मी फ्रिज उघडला. उरलेल्या श्रीखंडाचं पातेलं उचललं आणि खिडकीत, उन्हात, माझ्या बाटल्यांच्याच जागी ठेवलं.

"सर, याला चुंबळ नाही. परवा तुम्हीच चाखून सांगा."