न लावलेल्या मेणबत्तीचा फोटो

रिक्षातून उतरलेल्या बाईंनी फिलो मावशींचे दोन्ही हात धरले आणि त्या रडायलाच लागल्या. मावशींचे हात केळी सोलून चिकट झालेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मोबाईल स्टँडवर लावून रील शूट करत होते. रेकॉर्डिंग चालूच राहिलं.

"तुम्हीच ना? मी अंजली. अंजली देसाई. डोंबिवलीची."

"बसा, बसा," मावशी म्हणाल्या. "पाकिटं हवीत काय?"

नाव ऐकलं आणि मी रेकॉर्डिंग बंद केलं. मावशींना ते नाव फक्त पार्सलवरचं माहीत होतं. मला त्या बाईंचं अख्खं घर माहीत होतं.

माझं काम आधी सांगते. वसईत आमचं छोटं ऑफिस आहे. चष्म्याचं दुकान, केकवाले, पार्लर अशा लोकांची सोशल मीडियावरची पेजेस आम्ही चालवतो. फोटो टाकायचे, रील बनवायचे, इनबॉक्समध्ये येणाऱ्या मेसेजना उत्तरं द्यायची. मी हिंगोलीकडची. नववीत शाळा सुटली. विरारला पॅकिंगच्या कामाला आले होते, तिथून रोहन सरांनी मला या ऑफिसात घेतलं. मार्कशीट मागितली नाही. एकदाही नाही. आजही ऑफिसात कोणी नवीन आलं की मला वाटतं, आता हा विचारणार.

फिलो मावशी आमच्या क्लायंट. नंदाखालला घरीच सुकेळी करतात. म्हणजे राजेळी केळी पिकवून, सोलून, बरेच दिवस उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात बांधतात. पेज सुरू केलं तेव्हा सर म्हणाले, "कविता, मावशींच्या आवाजात लिही. आमची कंपनी, आमचं प्रॉडक्ट, असलं काही नको. लोक पाकिटाशी बोलत नाहीत, बाईशी बोलतात." आमच्या धंद्यात याला ब्रँड व्हॉइस म्हणतात. दुकानाने कसं बोलायचं ते ठरवायचं आणि रोज तसंच बोलायचं.

मावशींकडे साधा फोन. "मला त्यातलं कळत नाय. तू बघ गं पोरी," एवढंच त्या म्हणाल्या. मी आठवड्यातून दोनदा जाऊन ऑर्डरी वाचून दाखवायची. नाव, गाव, किती पाकिटं. बाकीचे मेसेज वाचून दाखवू नको असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच दाखवत नव्हते.

म्हाताऱ्या माणसाने प्रेमाने लिहायचं तर कसं? मला एकच बाई माहीत होती. मी माझ्या आईसारखं लिहायला लागले. "जेवलीस का बाई? जिवाला जप." लोकांना आवडलं. एंगेजमेंट वाढली, म्हणजे लोक नुसतं बघून पुढे न जाता लिहायला लागले. सरांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. त्या दिवशी मी घरी फोन करून आईला सांगितलं. काय लिहिते ते नाही सांगितलं.

देसाई मॅडमनी आधी सुकेळी मागवली. मिस्टरांना लहानपणापासून आवडायची. मग एकदा लिहिलं की मिस्टर हॉस्पिटलमध्ये आहेत. मग रोजच लिहायला लागल्या. एका रविवारी मला काय उत्तर द्यावं सुचेना. लिहिलं, "आज देवळात तुमच्या मिस्टरांच्या नावाने मेणबत्ती लावली." इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतात, हे मावशींकडून ऐकलेलं. मी आत कधी गेले नव्हते. नेटवरून चर्चमधल्या मेणबत्तीचा एक फोटो घेतला आणि जोडून दिला. पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, "आज लावली?" मी लिहिलं, "लावली." तसंच पुढे चालू राहिलं.

"मला ते देऊळ बघायचंय," आता मॅडम मावशींना सांगत होत्या. "तुमच्या फोटोतली ती निळ्या काचेची खिडकी. तिच्याखाली लावायच्या ना तुम्ही मेणबत्ती? हे गेले त्याला महिना झाला. म्हटलं, एकदा जाऊन हात जोडून यावं."

"कोण गेले?" मावशींनी विचारलं. "आणि निळी खिडकी आमच्या देवळात नाय हो."

मी "एक मिनिट" म्हणत घरामागे गेले आणि सरांना फोन लावला.

"मावशींना नुसतं हो म्हणायला सांग," सर म्हणाले. "चर्च दाखवा, चार पाकिटं गिफ्ट द्या, दोघींचा फोटो घे. चांगला कंटेंट आहे."

"सर, त्या नाही म्हणतील."

"मग समजाव ना. तेच तुझं काम आहे."

मावशींना हाक मारून मागे बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्या पदराला हात पुसत ऐकत होत्या.

"माझ्या नावाने लिहिलंस?"

"हो."

"देवळात मेणबत्ती लावली म्हणून?"

"हो मावशी. तुम्ही फक्त हो म्हणा. त्यांना बरं वाटेल."

"तुझ्या साहेबाला विचार, तो येतो काय देवळात उभा राहून खोटं बोलायला? मला या वयात नाय जमायचं. जा, तूच सांग त्या बाईला."

मी गेले. "मॅडम, ते मेसेज मावशींचे नव्हते. मी लिहायचे. मी कविता. पेज मी बघते."

"आणि मेणबत्ती?"

"नाही लावली."

"एकदाही?"

"नाही."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "ह्यांना मी तुमचे मेसेज वाचून दाखवायचे. शेवटी शेवटी बोलता येत नव्हतं. रविवार आला की बोटाने फोन दाखवायचे. आज लावली का, विचार म्हणून."

मावशी पुढे आल्या. "बाई, मला ठाऊक नव्हतं. तुमच्या मालकांचं नाव सांगा. मी लावते."

"आता राहू दे," मॅडम म्हणाल्या. रिक्षा थांबूनच होती.

मावशींनी पेज बंद करायला लावलं नाही. "माझ्या तोंडचं म्हणून एक अक्षर लिहायचं नाय," एवढीच अट घातली. सर मात्र चिडले. "कबूल करायची एवढी घाई कशाला? मला एक फोन करायचास."

"केला होता सर."

तरी त्यांनी मला कामावरून काढलं नाही. त्याचे उपकार वाटतात आणि उपकार वाटतात याचीही लाज वाटते.

माफीचा मेसेज मी पेजवर तीनदा टाइप केला. प्रत्येक वेळी बाजूला मावशींचा हसरा फोटो. पाठवला असता तर माफीही त्यांच्याच नावाने गेली असती. शेवटी वहीचा कागद घेतला, हाताने लिहिलं, खाली माझं पूर्ण नाव घातलं आणि पार्सलवरच्या पत्त्यावर पाठवून दिलं. उत्तर आलं नाही. यायला हवं असंही नाही.

हल्ली पेजवरच्या प्रत्येक उत्तराखाली मी "कविता" लिहिते. मेसेज कमी झाले आहेत, सर दर महिन्याला ग्राफ दाखवतात. मी शिकले ते इतकंच. ज्या उत्तराखाली आपलं नाव घालायला हात धजत नाही, ते उत्तर कस्टमरला पाठवायचं नसतं. हे मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. म्हणून तर मी ते मावशींना वाचून दाखवलं नव्हतं.