पिनांचा डबा

मी म्हसवडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नव्वदच्या दशकात सांगलीच्या एका पार्लरमध्ये काम शिकायला राहिले. एकदा नवरीच्या केसांना हात लावला, तर मालकीणबाई सगळ्यांसमोर ओरडल्या, “मेंढरं कातरणारे हात आहेत ते, लांब ठेव!” मी काम सोडलं. पुढे साताऱ्यात स्वतःचं पार्लर काढलं.

काही वर्षांनी माझं काम पाहून त्यांच्याच मुलीनं लग्नासाठी हट्टानं मला बोलावलं. मी बाईंच्या हातात पिनांचा डबा दिला. लेकीचा अंबाडा होईपर्यंत त्या शेजारी उभ्या होत्या.

“पाय दुखायला लागले गं,” त्या म्हणाल्या.

“हलू नका, पिना सांडतील.”

नवरी फार देखणी दिसली. अंबाडा मात्र मी मुद्दाम सावकाश घातला होता.