गळतंय ते छप्पर, चावडी नाही

देवक्का गेल्याचं तिच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा भवानी पेठेतल्या माझ्या खोलीत दुपारचं ऊन कलत होतं. आणि मला दिसली ती पिवळी पानं... कोरियातल्या एका अंगणात पडलेली, मी कधीच न पाहिलेली.

आम्ही दोघी एकाच शाळेत इतिहास शिकवायचो. निवृत्तीनंतर ती मुलीकडे कोरियात राहून आली आणि मग कितीतरी संध्याकाळी चहा निवेपर्यंत तिथल्या एका लहानशा गावाबद्दल बोलत राहिली. जुन्या राजवटीतली लाकडी कचेरी, जवळच कन्फ्यूशियसची शिकवण देणारी शाळा. कारभार करणाऱ्यानं आधी माणूस म्हणून शिकावं, असा त्या शेजारामागचा विचार असावा, असं तिला वाटे. शाळेच्या अंगणात गिंकोचं म्हातारं झाड, शरदात पिवळंधमक होऊन पानं गाळणारं. फळ्यांची जमीन पुसणाऱ्या एका आजोबांना तिनं मुलीकरवी विचारलं, "इथं आता कोण शिकतं?" ते म्हणाले, "कोणी नाही. पण आम्ही येतो ना." वसंतात आणि शरदात गावकरी तिथं जमून जुन्या गुरूंना वंदन करतात... हे सांगताना तिचा आवाज खाली यायचा, जणू आत अजून कोणी वाचत बसलंय.

पुढं मोहोळजवळच्या तिच्या माहेरगावी जुनी चावडी आणि तिला लागून असलेली शाळेची खोली पाडायचं ठरलं. ग्रामसभेला ती मलाही घेऊन गेली. सरपंच म्हणाले, "अक्का, लई गळती हाय. हितं आता कोण येतंय?"

"गळतंय ते छप्पर. चावडी न्हाय," देवक्का म्हणाली. मग ती कोरियातली शाळा तिनं सगळ्यांपुढं उभी केली. कोणी हसलं नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "माज्या बापाची जमीन हितंच नावावर चढली की." कुणाला आपली पहिली पाटी आठवली...

शाळेची खोली वाचली नाही. भिंती खचल्या होत्या. ती पाडताना देवक्का रस्त्यापलीकडे उभी राहून रडली. चावडीवर मात्र नवी कौलं चढली, आणि अंथरुणाला खिळेपर्यंत ती तिथं जात राहिली, कधीकधी मलाही सोबत घेऊन.

परवा मी एकटीच गेले. चावडीत बायका शेंगा फोडत होत्या, अर्धं बोलणं कानडीत. मी दारातच थबकले.

"या की आत. तुमी अक्कांसंगं यायच्या न्हवं?" एका बाईनं विचारलं.

खांबाजवळची जागा रिकामी होती.

"अक्का तितं बसायच्या," तीच बाई म्हणाली. "बसा तुमी."

मी टेकले. कुणीतरी शेंगांनी भरलेलं सूप माझ्यापुढं सरकवलं.