पहिली झडती आपली

हवालदारमामा पिशवी तपासताना पिशवीत कधी बघत नसे. हात आत फिरायचा आणि डोळे माणसाच्या तोंडावर असायचे. सैन्यातली बरीच वर्षं त्याने नाक्यांवर उभं राहून काढली, शेवटची इथल्याच छावणीच्या फाटकावर. निवृत्तीनंतर मुकुंदवाडीतल्या आमच्या बुद्धविहारात मोठा कार्यक्रम असला की इस्त्रीचा शर्ट घालून तो दारात टेबल मांडायचा.

एकदा मी विचारलं, "मामा, इतक्या वर्षांत नाक्यावर हत्यार लपवून नेणारे किती जण सापडले?"

"माझ्या हाती एकबी नाय."

"मग उपयोग काय झाला?"

"बंदूक बघून माघारी किती फिरले, ते कोण सांगणार बाई? अन् आडवाटेनं गेलेबी असतील. नाका दिसतो, म्हणून तर चुकवता येतो."

मला पुस्तकांमुळे ठाम उत्तरांची सवय. त्याच्याकडे ते नव्हतं, तरी तो उन्हात उभा राहायचा.

एका गोष्टीवर मात्र तो अडून असे. कुणालाही अडवण्याआधी तो स्वतःचे खिसे टेबलावर रिकामे करी. रुमाल, तंबाखूची डबी, चष्म्याचं घर. पहिल्या येणाऱ्याला म्हणे, "घे, आधी माझी झडती."

एका बुद्धपौर्णिमेला आई खिरीचं पातेलं घेऊन आली.

"अक्का, झाकण काढ."

"मुडद्या, मी तुझी बहीण हाये."

"म्हणून तर. तुला सोडली तर मागच्याला कोणत्या तोंडानं अडवू?"

आईने झाकण काढलं. त्याने वास घेतला. "इलायची कमी पडली. जा आत." आई दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. त्याच्या वाटणीची खीर मात्र तिने झाकून ठेवली होती.

"ओळखीचा म्हणून एकाला सोडलं, की नाका तिथंच मोडला," असं तो म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात मामा गेला. यंदा बुद्धपौर्णिमेआधी विहार समिती बसली. सचिव म्हणाले, "आता मामा नाहीत. आपल्या माणसांना कशाला अडवायचं? वेगळे दिसणारे तेवढे तपासू." बऱ्याच माना हलल्या. मी अशा बैठकांत बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"जात बघून आपल्यालाच पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर ठेवलं. आता चेहरा बघून तेच आपण करायचं? तपासायचं तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही."

"मग दारात उभं कोण राहणार, ताई?"

"मी."

या तपासणीने कोणी खरंच थांबेल का, मला आजही माहीत नाही. पण आत बसणाऱ्यांत कुणी आपल्यालाच तेवढं अडवलं म्हणून मान खाली घालून आलेला नसेल, एवढं माझ्या हातात होतं.

पौर्णिमेच्या सकाळी मी टेबल मांडलं. पहिले सचिवच आले आणि हसत सरळ आत निघाले. मी हात आडवा केला.

"मलाबी का, ताई?"

मी माझी पर्स टेबलावर उपडी केली. किल्ल्या, एक पुस्तक, मामाच्या चष्म्याचं घर.

"आधी माझी घ्या, दादा. मग तुमची."